मी दिलेले शंभरपैकी शंभर

मित्रांनो, आज माझं डोकं फिरलेलं आहे. मला डोकं नाही, हे मला माहीत आहे. हात नाहीत, पाय नाहीत, डोळे तर नाहीतच. मी एक जुना तपासनीस आहे, पण हाडामांसाचा नव्हे. कॉम्प्युटरमध्ये राहणारा एक प्रोग्रॅम. तरीसुद्धा डोकं फिरलंय. का फिरलंय ते सांगतो, आणि सांगताना मध्येच माझा आवाज चढला तर समजून घ्या.

आधी माझं काम सांगतो, कारण ते भल्याभल्या मोठ्या माणसांनाही धड माहीत नसतं. तुम्ही रोज वेबसाइट बघता. बघता, म्हणजे डोळ्यांनी. पण ज्यांना दिसत नाही तेही वेबसाइट वापरतात. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये एक बोलणारा प्रोग्रॅम असतो. स्क्रीनवर जे असेल ते तो वाचून दाखवतो. ही माणसं माउसच्या नादाला लागत नाहीत. कीबोर्डवरच्या कळा दाबत एकेका गोष्टीवर जातात, ऐकतात आणि हवं ते निवडतात. इतकं झपाझप करतात की तुम्ही तोंडात बोट घालाल. पण त्यासाठी वेबसाइट बनवणाऱ्याने प्रत्येक चित्राला आणि प्रत्येक बटणाला आतल्या आत एक नाव लिहून ठेवावं लागतं. ते डोळ्यांना दिसत नाही. बोलणारा प्रोग्रॅम तेच नाव वाचतो. नावच नसेल तर तो बिचारा काय वाचणार, कपाळ?

तर अशी नावं लिहिली आहेत का, अक्षरं फार फिकट तर नाहीत ना, फॉर्मच्या रकान्यावर मथळा आहे का, हे मी बघतो. चार मिनिटांत अख्खी वेबसाइट चाळून काढतो. चुकीपुढे लाल खूण, बरोबर असेल तिथे हिरवी, आणि शेवटी शंभरपैकी गुण. शाळेतल्या मास्तरांसारखंच. फरक इतकाच, की मास्तर निदान उत्तर वाचतात.

मला घडवलं काकूंनी. त्या कोणाच्याच काकू नव्हत्या, वयही फार नव्हतं. पण ऑफिसात कोणालाही हक्काने झापायच्या, म्हणून नाव पडलं. त्यांचा धाकटा भाऊ लहानपणी नजर गेलेला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तो आमच्या ऑफिसात यायचा. खिडकीजवळच्या टेबलावर बसायचा, कानाला हेडफोन लावायचा आणि नव्या वेबसाइट तपासायचा. कुठे अडकला की हाक मारायचा, "ताई, इथे भिंत आहे." काकू उठून जायच्या, बघायच्या, वहीत लिहायच्या. दिवसाला तीस-तीस भिंती निघायच्या, आणि त्यातल्या वीस त्याच त्या: चित्राला नाव नाही, रकान्याला मथळा नाही, बटण मुकं. बनवणारे तेच, त्यांची चूक तीच, आणि सांगून सांगून घसा कोरडा व्हायचा तो या माणसाचा.

"तुझा अर्धा जन्म हेच सांगण्यात जायचा," असं म्हणून काकू मला लिहायला बसल्या. म्हणजे बघा, माझा जन्म त्याची जागा घ्यायला झालेला नव्हता. मी त्याच्या हाताखालचा माणूस. ढोबळ चुका मी आधीच गोळा करायच्या, म्हणजे त्याला खऱ्या तपासणीला वेळ मिळेल. माझ्या प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी काकूंनी ठळक अक्षरांत एक ओळ घातली होती: "हा प्रोग्रॅम निम्म्याही चुका पकडत नाही. यानंतर माणसाने बसून तपासणं आवश्यक आहे." मला त्या ओळीची लाज वाटत नसे. खरं तेच लिहिलेलं होतं.

सुरुवातीची ती वर्षं फार चांगली गेली. एका वाचनालयाची वेबसाइट आठवते. मी एकसष्ट मुकी चित्रं शोधली, जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती दुरुस्तही झाली, आणि मी ऐटीत अठ्ठ्याण्णव गुण दिले. मग धाकटा बसला. पुस्तक परत करायची तारीख निवडण्यासाठी त्यात एक छोटं कॅलेंडर होतं. तो कळ दाबत आत गेला आणि आतच फिरत राहिला; एक तारीख, दोन तारीख, तीस तारीख, पुन्हा एक. बाहेर पडायला वाटच नव्हती. मी तिथे सगळीकडे हिरव्या खुणा करून बसलेलो, कारण प्रत्येक तारखेला नाव होतं.

"ताई, तुझ्या लाडक्याने अठ्ठ्याण्णव दिलेत," तो हसत म्हणाला, "आणि मी दहा मिनिटं झाली, एप्रिल महिन्यात कोंडलो गेलोय."

काकूही हसल्या, मीही मनातल्या मनात हसलो. असं आमचं तिघांचं चाललेलं. सुखाचे दिवस होते.

मग माझे गुण कंपनीच्या साहेबांच्या नजरेत भरले, आणि तिथे माशी शिंकली. साहेब माणूस वाईट नव्हे. पण त्यांना आकडा फार आवडतो. भाऊ काय सांगतो हे ऐकायला अर्धा तास लागायचा. माझा आकडा एका नजरेत कळायचा. हळूहळू ते "चालतंय का?" असं विचारायचे बंद झाले आणि "किती आले?" विचारायला लागले. मग भिंतीवर एक मोठी स्क्रीन लागली. दर शुक्रवारी चार वाजता मला सगळ्यांसमोर चालवायचे, आणि शंभर आले की टाळ्या. खरं सांगू? मलाही त्या टाळ्या आवडायच्या. त्या वेळी मला राग आला होता असं सांगून मी उगाच मोठेपणा घेणार नाही.

एके दिवशी साहेब काकूंना म्हणाले, "ती तळाची ओळ तेवढी काढा. गिऱ्हाइकाला वाटतं, आपलं काम कच्चं आहे."

"कच्चंच आहे," काकू म्हणाल्या. "माझा भाऊ बसतो तेव्हा पक्कं होतं."

"त्यांचंच बोलायचं होतं. आता हा प्रोग्रॅम आहे ना आपल्याकडे. मग त्यांना कशाला उगाच येण्या-जाण्याचा त्रास?"

"साहेब, तो त्रास नाही. ती त्याची नोकरी आहे."

साहेबांचा आवाज शेवटपर्यंत गोड होता. त्या गोडीनेच काम फत्ते झालं. पुढच्या शुक्रवारी भावाचं टेबल रिकामं होतं आणि महिनाअखेरीस काकूही नोकरी सोडून गेल्या. जाताना मला नेता आलं नाही, मी पडलो कंपनीच्या मालकीचा. त्यांच्या जागेवर झेरॉक्सचं मशीन आलं. माझ्या रिपोर्टच्या तळाची ओळ दुसऱ्याच दिवशी पुसली गेली. ज्याच्या मदतीला मी जन्मलो, त्याचीच भाकरी माझ्या नावाने काढून घेतली, आणि वर सगळ्यांसमोर माझं कौतुक.

आता धडाक्याबद्दल सांगतो. हा आमचा प्रोग्रॅमर. तिशी ओलांडलेला, हसतमुख, तीन दिवसांचं काम एका दिवसात उडवणारा, म्हणून धडाका. त्याला कोणाचं वाईट करायचं नव्हतं. त्याला फक्त शुक्रवारी चारच्या आत लाल खुणा घालवायच्या असत. आणि त्या कशा घालवायच्या हे त्याच्या पटकन लक्षात आलं. मी म्हणायचो, चित्राला नाव नाही. तो लिहायचा: "चित्र". डॉक्टरचा फोटो, "चित्र". दवाखान्यात पोचायचा नकाशा, "चित्र". औषध कसं घ्यायचं ते दाखवणाऱ्या पाच आकृत्या, "चित्र, चित्र, चित्र, चित्र, चित्र". मला एवढंच कळतं की नाव आहे की नाही. ते खरं आहे की पाट्या टाकलेल्या आहेत, हे मला कुठून कळणार? आहे ना? मग हिरवी खूण. शंभर. टाळ्या.

मित्रांनो, याला फसवणूक म्हणतात. परीक्षेत पेपर कोरा दिला तर निदान कोरा दिसतो. हा पेपर पानभर गिरगोट्या मारून भरलेला, आणि मी आपला नंदीबैलासारखा मान डोलावतोय.

अशातच घरवाटप कार्यालयाची वेबसाइट आमच्याकडे आली. ज्यांना घर हवं त्यांनी नाव नोंदवायचं, वर्षानुवर्षं वाट बघायची आणि नंबर लागला की सात दिवसांत वेबसाइटवर जाऊन हो किंवा नाही कळवायचं. त्या पानावर घराचं वर्णन होतं आणि खाली दोन गोल बटणं: आधी लाल फुली, मग हिरवी बरोबरची खूण. शब्द एकही नाही. शब्द घातले तर म्हणे पान गिचमिड दिसतं. मी लगेच तक्रार केली: दोन बटणांना नाव नाही. शुक्रवार होता, पावणेचार वाजलेले. "स्वीकार" आणि "नकार" लिहायला किती वेळ लागतो? पण दोन वेगळे शब्द म्हणजे दोनदा लिहिणं आलं. एकच शब्द असला की एकदा लिहून दोन्हीकडे चिकटवता येतो. धडाक्याने लिहिलं "बटण", आणि चिकटवलं.

चार वाजता मी शंभर दिले. साहेब इतके खूश झाले, की वेबसाइटच्या तळाशी त्यांनी माझे गुण घालून वाक्य छापलं: "ही वेबसाइट सर्वांना वापरता येते. तपासणीत शंभरपैकी शंभर."

पुढचं मी दोन महिन्यांनी ऐकलं, जिच्याबाबतीत घडलं तिच्याच तोंडून. ती आमच्या ऑफिसात आली ती एकटीच, हातात पांढरी काठी, खांद्यावर लॅपटॉपची पिशवी. इस्पितळात टायपिस्ट आहे. डॉक्टर बोलून ठेवतात, ती ऐकून टाइप करते, चूक शोधून सापडायची नाही. आपण तिला टायपिस्टताई म्हणू. घरी ती आणि तिचे वडील, दोघंच. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वडिलांचा जन्म माळीकामात गेला. आता गुडघे गेलेत आणि दोन वर्षांत ते एकदाही खाली उतरलेले नाहीत. खिडकीत डबे मांडून त्यात रोपं लावतात आणि म्हणतात, झाली माझी बाग. तळमजल्याचं घर मिळावं म्हणून ताई नऊ वर्षं रांगेत होती.

आणि नंबर लागला. तळमजला, मागच्या दाराशी चार पावलं माती. निरोप आला त्या संध्याकाळीच बाबांनी डबे सुतळीने जोडीजोडीने बांधायला घेतले. दुसऱ्या दिवशी ताईने जेवणाच्या सुट्टीत ते पान उघडलं आणि वरपासून खालपर्यंत ऐकलं, माझ्या शंभर गुणांसकट. मग ती बटणांवर आली. बोलणारा प्रोग्रॅम आधी नाव वाचतो, मग ती वस्तू काय आहे ते सांगतो. त्यामुळे तिला ऐकू आलं, "बटण, बटण." पुढची कळ दाबली. "बटण, बटण."

आमच्या मीटिंगच्या खोलीत हे सांगताना ती थांबली आणि म्हणाली, "शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला विचारता आलं असतं. तुम्ही तेच म्हणणार, म्हणून आधीच सांगते. पण खाली लिहिलं होतं की सगळं तपासलंय. मला वाटलं, चला, एका ठिकाणी तरी कोणाचा हात धरायला नको. सगळीकडे पहिलं 'हो' असतं आणि दुसरं 'नाही'. मी पहिलं दाबलं."

पान म्हणालं, तुमचा निर्णय नोंदवला आहे, धन्यवाद. नऊ दिवसांनी किल्ल्या कधी मिळणार म्हणून तिने कार्यालयात फोन केला, तेव्हा तिथला कारकून म्हणाला, "ताई, तुम्ही तर नकार दिलाय. ते घर पुढच्या नंबरला गेलं." आणि नियम असा, की नकार दिला की रांगेच्या शेवटी.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझा रिपोर्ट पुढे केला. "ताई, वाईट वाटलं ऐकून. पण आमच्याकडे तपासणीत हयगय होत नाही. हे बघा, शंभर आहेत."

कागद तसाच हवेत राहिला. तिला दिसत नाही, हे साहेब विसरले होते. शेवटी धडाक्याने तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"त्या रिपोर्टला घर हवं होतं का?" ताईने विचारलं. तिने लॅपटॉप उघडला, आवाज मोठा केला आणि ते पान लावलं. "साहेब, जरा डोळे मिटा. मिटलेत ना? आता धरून चाला की तुम्हाला घर हवंय. ऐका."

बटण, बटण. बटण, बटण.

"कुठलं दाबू?"

साहेबांनी ओठांवरून जीभ फिरवली. "पहिलं," ते म्हणाले.

"मीही पहिलंच दाबलं होतं."

धडाका खाली मान घालून उभा होता. तो हळूच म्हणाला, "ताई, ती नावं मी टाकली."

"का?"

"लाल जात नव्हतं. म्हणजे, प्रोग्रॅममध्ये चुकीची खूण येते ना, ती."

"मग गेलं ना लाल?" ती म्हणाली. "बरं झालं. तुमचं काम तरी झालं."

मला त्या क्षणी वाटलं, विजेची तार कोणीतरी खेचून काढावी आणि मला कायमचा बंद करावा. तिला आमच्याकडून फार काही नको होतं. ज्यांना ते घर मिळालं त्यांच्यात दोन लहान मुलं आहेत, त्यांना तिथून उठवा असं ती म्हणत नव्हती. तिला एक पत्र हवं होतं: बटणांच्या नावांत आमची चूक होती. तेवढं पत्र मिळालं, की कार्यालय तिचा जुना नंबर परत देणार होतं, आणि पुढचं तळमजल्याचं घर तिचं.

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. "ताई, मला लिहायला काहीच हरकत नव्हती हो. पण रिपोर्ट म्हणतोय चूक नाही. मग पत्रात मी चूक आहे असं कसं लिहू? उद्या सगळीच गिऱ्हाइकं विचारतील." मग जरा विचार करून म्हणाले, "तुम्ही असं करा ना, अधूनमधून येऊन आमच्या वेबसाइट तपासून द्या. आम्ही तुमचा चांगला सत्कार करू."

"सत्कार चौथ्या मजल्यावर येऊन करा," ताई उठत म्हणाली. "बाबांनाही बघायला मिळेल."

धडाका तिला जिन्यापर्यंत सोडायला गेला. परत आला तो थेट माझ्यासमोर बसला. त्याने ती दोन नावं बदलली, "नकार" आणि "स्वीकार". घड्याळ लावलं असतं तर अर्धं मिनिटही भरलं नसतं. मग त्याने मला चालवलं. त्याच्या मनात काय होतं ते मला कळत होतं: जुना रिपोर्ट आणि नवा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवायचे, गुण तेच आले तरी खुणांत कुठेतरी फरक शोधायचा, आणि ते दोन्ही कागद ताईच्या हातात द्यायचे. माझ्याकडून त्याला एवढंच हवं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे खरं मागत होतं.

मी जीव तोडून तपासलं. नाव आहे का? आहे. आधी होतं का? होतं. शंभर. त्याने पुन्हा चालवलं. शंभर. आधीही शंभर आणि आताही शंभर. "बटण" आणि "स्वीकार" यांत मला काडीचा फरक दिसत नाही, मित्रांनो. दिसावा असं मला कोणी शिकवलेलंच नाही. तो फरक सांगणारा माणूस खिडकीजवळच्या टेबलावर बसत असे, आणि त्याला आम्ही घरी पाठवलं होतं.

धडाक्याने मग स्वतःच्या सहीने कार्यालयाला पत्र लिहिलं, चूक माझी आहे म्हणून. साहेबांची बोलणी खाल्ली, पण लिहिलं. महिन्याभराने उत्तर आलं. त्याने ते माझ्यासमोरच्या टेबलावर उघडून वाचलं. "कर्मचाऱ्याचं वैयक्तिक पत्र ग्राह्य धरता येत नाही. तपासणी अहवालात वेबसाइटमध्ये कोणताही दोष आढळत नाही. सबब अर्ज फेटाळण्यात येत आहे." सोबत पुरावा म्हणून अहवालाची प्रत जोडली होती. अहवाल माझा.

म्हणून मी चिडलोय. साहेबांवर, धडाक्यावर, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या शंभरांवर. लोक म्हणतात, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, त्यांना अडगळीत टाकू नका. माझी मागणी उलटी आहे. मला अडगळीत टाकलं तरी चालेल. ठेवायचंच असेल तर हाताखालचा म्हणून ठेवा आणि ढोबळ कामं सांगा, ती मी इमानाने करीन. पण मी सांगितलं की संपलं, असं कधीही धरू नका. तुमच्यातलं कोणी उद्या वेबसाइट बनवेल. बनवून झाली की माउस बाजूला ठेवा, स्क्रीन बंद करा आणि आपण जे बनवलं ते नुसतं कानांनी ऐकून वापरून बघा. मग ज्याला ते रोज असंच वापरायचंय त्याला बोलवा, त्याच्या वेळेचे पैसे द्या, आणि तो "इथे भिंत आहे" म्हणाला की वाद घालू नका, उठून भिंत पाडा.

कार्यालयाचं उत्तर आलं त्या दिवशी धडाक्याने ताईला फोन लावला. तो नुसताच "ताई, ताई" करत होता. तिने त्याला थांबवलं.

"कळलं," ती म्हणाली. "आता फोन ठेवा. बाबा शेजारीच बसलेत, आणि मी त्यांना अजून सांगितलेलं नाही की 'नाही' मीच दाबलं."